मित्राच्या नावाने सहा वेळा घाट, आणि त्यातल्या पैशाचा हिशेब

जून महिन्यातली पहाट. फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात आल्प द्युएझ नावाचा घाटरस्ता आहे. त्याच्या वळणावळणावर मेणबत्त्या तेवत असतात, कॅन्सरने गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी. अंधारातच हजारो सायकलस्वार चढायला लागतात. कुणाच्या जर्सीवर मित्राचे नाव, कुणाच्या हँडलला फोटो. यातले बहुतेक जण नेदरलँड्सचे. त्यांच्या देशात धड डोंगर नाही, म्हणून घाट चढायला इतक्या लांब यायचे.

घाट 13.8 किलोमीटरचा, वळणे 21, चढ सरासरी 8 टक्के. म्हणजे 100 मीटर पुढे सरकले की 8 मीटर वर. साखळीच्या बाजूने चोर्ला किंवा सावंतवाडीकडून आंबोली सायकलने चढलेल्यांना पहिल्या फेरीचा अंदाज येईल. इथे मात्र तोच घाट एका दिवसात सहा वेळा चढायचा. नुसती चढणच 83 किलोमीटरच्या आसपास जाते, उतार धरला तर 165. सगळ्यांना सहा फेऱ्या जमत नाहीत, एकदाच चढणारे असतात, चालत जाणारेही असतात. डच भाषेत सहाला 'झेस' म्हणतात, त्यावरूनच या मोहिमेचे नाव पडले, आल्प द्युझेस. 2006 मध्ये 66 जणांनी सुरुवात केली. जमलेला पैसा तिथल्या कॅन्सर संस्थेकडून संशोधनाला जातो. मोहिमेतला बास मुल्डर हा तरुण 2010 मध्ये कॅन्सरने गेला. आज त्याच्या नावाने तरुण कॅन्सर संशोधकांना निधी दिला जातो.

सायकल चालवून पैसा येतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. सायकलस्वार आधी नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मंडळी यांना सांगतो, मी या माणसासाठी घाट चढणार, तुम्ही काही द्या. देणारा सायकलसाठी देत नाही, तो त्या गेलेल्या माणसाकडे बघून देतो. म्हणूनच हा पैसा नाजूक असतो.

हे डच मंडळींनी ओळखले होते. नियम असा की देणगीतला एकही युरो खर्चापोटी कापायचा नाही. सायकलस्वाराचा प्रवास, राहणे, खाणे ज्याचे त्याने बघायचे. काम करणारे बिनपगारी स्वयंसेवक. या नियमाला त्यांनी दिलेले नाव आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. धान्य मापताना मापावरून काठी फिरवून वरचा ढीग सपाट करतात, तेव्हा काठीला चार दाणे चिकटतात. डच भाषेत मधल्यामध्ये उरणाऱ्या पैशाला 'काठीला चिकटलेले' म्हणतात. आमच्याकडे काठीला काही चिकटणार नाही, हे त्यांचे वचन.

2012 पर्यंत गाडी जोरात होती. त्या एका वर्षात 3 कोटी युरोंच्या वर रक्कम जमली. पुढच्याच वर्षी बातमी आली की संस्थापकांपैकी एकाने कामाचा मोबदला म्हणून दीड लाख युरोंच्या आसपास घेतले होते. आता काम केले आणि मोबदला घेतला, ही काही चोरी नव्हे. पण लोकांना शब्द दिला होता शून्याचा. त्याला पद सोडावे लागले आणि त्यानंतर भाग घेणारे आणि देणग्या दोन्ही घसरले. एकूण जमेच्या मानाने रक्कम अर्धा टक्कासुद्धा नव्हती, तरी भरवशाला तडा गेला तो गेलाच.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशीच एक जुनी सायकलफेरी आहे, पॅन-मास चॅलेंज. आई कॅन्सरने गेलेल्या बिली स्टार यांनी 1980 मध्ये ती सुरू केली. पहिल्या वर्षी 36 जण, जमा 10,200 डॉलर. आजवरची बेरीज 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि ती बोस्टनच्या डॅना-फार्बर कॅन्सर संस्थेला मिळते. इथे कर्मचारी पगारी आहेत आणि ते लपवलेले नाही. फक्त खाती वेगळी ठेवली आहेत. आयोजनाचा खर्च नोंदणी फी आणि प्रायोजकांकडून भागवायचा, सायकलस्वारांनी जमवलेली देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थेला, हा दंडक 2007 पासून आहे. शिवाय प्रत्येकाने ठराविक रक्कम जमवलीच पाहिजे. कमी पडली तर फरक त्याच्याच कार्डावरून कापला जातो. बिनपगारीच्या बाणेदार घोषणेपेक्षा ही पद्धत टिकाऊ वाटते.

आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीटी एक पेशंट असतोच, कुणी मुंबईला टाटाला, कुणी बेंगळुरूला किडवाईला. मित्र गेला की चार जण सायकली काढून गोव्यापर्यंत जाऊया म्हणतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या तरी वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड फिरायला लागतो. गडबड तिथेच होते. पैसा वैयक्तिक खात्यात गेला की देणगीदाराला करसवलतीची पावती मिळत नाही आणि उद्या कुणी विचारले तर त्या मुलाने दाखवायचे काय? हॉस्पिटलच्या किंवा नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्याचा तपशील थेट द्यावा, पावती देणाऱ्याच्या नावाने निघू दे. रोखीने 2,000 रुपयांच्या वर दिले तर करसवलत नाही. नव्या करप्रणालीत तर ती कुणालाच नाही, हे आधी सांगून टाकलेले बरे. टी-शर्ट, नाश्ता, मागून येणारा टेम्पो यांची वर्गणी वेगळी काढावी, देणगीत मिसळू नये.

आणि जर्सीवर फोटो छापण्याआधी घरच्यांना विचारावे. कित्येक घरांत आजाराचे नाव गावात सांगितलेले नसते. आईला ते बॅनरवरून कळायला नको.