वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच का?

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या किंवा नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश घेतलेल्या मुलासाठी पालक पोटाला चिमटा काढून वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप घेतात, तेव्हा हळहळ वाटते. व्हिडिओ लेक्चर, एक्सेल, कोडिंग यांना प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. ‘व्हॅलोरंट’सारखा खेळही त्यावर चालतो. मात्र या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून रॅमची एकच स्टिक असेल आणि दुसरीला जागा असेल, तर आधी ती बसवा. डीडीआर४-३२०० रॅमची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ जीबीवर जाते, खेळ बराच सुधारतो. ‘सायबरपंक २०७७’सारखा खेळ किंवा ब्लेंडरमधलं जड रेंडरिंग असेल, तर वेगळं कार्ड घ्याच. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि त्या कार्डाचीही तापलेली चिप आपला वेग आपणच कमी करते.