कुंपण, उताराच्या जमिनीवरील

कुंपण, उताराच्या जमिनीवरील : डोंगरउतार, टेकडीचा पायथा, ओढ्याकाठची उतरती जमीन इत्यादींच्या सीमेवर गुरे, वन्य पशू व माणसे यांना अटकाव करण्यासाठी उभारलेला अडथळा. सपाट जमिनीवर कुंपणाची आखणी म्हणजे बहुधा दोरी लावून खांब ओळीत उभे करणे एवढेच असते. उतारावर मात्र मोजणीची पातळी, तारेच्या ताणाची दिशा आणि पावसाच्या पाण्याची वाट यांचा विचार पहिला खड्डा घेण्यापूर्वीच करावा लागतो.

जमिनीचा नकाशा क्षितिजसमांतर अंतरांवरून काढलेला असतो. जमिनीला फीत टेकवून मोजलेले अंतर नकाशातील अंतराहून नेहमीच अधिक भरते. चारास एक (४ मी. आडव्या अंतरात १ मी. चढ) अशा उतारावर या रीतीने मोजलेले १०० मी. नकाशात सु. ९७ मी. असतात. शेताची रुंदी अशी चुकीने मोजून १०० मी. लांबीच्या हद्दीवर कुंपण घातल्यास सु. ३०० चौ. मी., म्हणजे जवळजवळ तीन गुंठे जमीन कुंपणाबाहेर राहते व पुढे तंट्याला कारण मिळते. यासाठी फीत आडवी ताणून व तिच्या टोकापासून ओळंबा सोडून लहान लहान टप्प्यांनी उतार मोजतात. फीत आडवी आहे की नाही, हे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासता येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार हद्दीच्या निशाण्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर असते; त्यामुळे खांबांचे खड्डे खणताना त्या हलणार नाहीत हे पाहावे. तारेचा अंदाज मात्र उतारावरील लांबीवरूनच करावयाचा असतो. वरील उतारावर नकाशातील १०० मीटरांस सु. १०३ मी. तार लागते, हा वाढीव खर्च समजला जातो तितका मोठा नाही.

खांब उताराला काटकोनात न ठेवता ओळंब्यात उभे करतात. कलता खांब स्वतःच्या वजनाने व पावसात सैल होणाऱ्या मातीमुळे वर्षागणिक खालच्या बाजूस झुकत जातो. खड्ड्याची खोली त्याच्या उताराकडील, म्हणजे खालच्या कडेपासून मोजावी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी शक्यतो मुरूम लागेपर्यंत खणणे हिताचे असते. चढउतार एकसारखा नसेल, तर ताणलेली तार उंचवट्यावरील खांबाला खाली दाबते आणि खोलगट जागेतील खांबाला वर उचलते. पहिल्याचे सहसा बिघडत नाही. दुसरा मात्र एखाद्या पावसाळ्यानंतर मुळासकट उपटून तारेला लोंबताना आढळतो. म्हणून खोलगट जागेतील खड्डा तळाशी रुंद करून त्यात काँक्रीट भरतात किंवा खांबाच्या बुडाशी तारेने मोठा दगड बांधून तो पुरतात. उतार जेथे एकदम बदलतो तेथे कोपऱ्यावरच्याप्रमाणेच तिरकस टेकू दिलेला मजबूत खांब हवा.

काटेरी तार जमिनीच्या उताराला समांतर नेता येते. वेल्ड केलेली ताठ जाळी व फळ्यांचे कुंपण मात्र पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे लागते. पाचास एक उतारावर २·५ मी. रुंदीच्या पायरीखाली खालच्या टोकाला ५० सेंमी. फट पडते, रानडुकराला तेवढी पुरेशी होते. पायरी निम्मी केल्यास फटही निम्मी होते, पण खांब दुप्पट लागतात. उरलेली फट दगड रचून किंवा तारेच्या जादा ओळींनी बंद करतात.

उताराला आडवे घातलेले कुंपण पाण्याच्या वाटेत उभे असते. बारीक जाळीत पालापाचोळा अडकून तिचा बांध होतो आणि तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने खांब आडवे होतात. पक्की भिंत बांधल्यास ती वरच्या बाजूची माती अडवू लागते. पाणी निघून जाण्यास तिच्यात भोके ठेवली नाहीत, तर ती फुगून कोसळण्याचा संभव असतो. कोकणातील गडगा या दृष्टीने विचारपूर्वक योजलेला दिसतो. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपून जाते व भिंत टिकते. मात्र गडग्याचा पाया उतरता न ठेवता पायऱ्यांचा करून थर आडवे रचावे लागतात. एरवी दगड घसरतात. नाल्यावरून जाणारे कुंपण मुख्य कुंपणाला न जोडता दोन्ही काठांवरील भक्कम खांबांमधून स्वतंत्र टांगतात. पूर आल्यास ते वर उचलले जाते किंवा फार तर तेवढाच भाग वाहून जातो.

तीव्र उतारावर जिवंत कुंपण (वई) अधिक सोयीचे पडते. निर्गुडी, शेर, घायपात यांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि त्यांची मुळे माती धरून ठेवतात. पावसाळ्याच्या आरंभी दोन ओळींत, एका ओळीतील रोपे दुसरीतील मोकळ्या जागांसमोर येतील अशा रीतीने लागवड करतात. वई दाट होण्यास काही वर्षे लागतात; तोवर तारेच्या एकदोन ओळी ठेवाव्या लागतात.

फाटकाची जागा शक्यतो सपाट निवडावी. चढाच्या बाजूस उघडणारे फाटक जमिनीला टेकते, आणि ते उंच बसविल्यास बंद असतानाही खालून वाट राहते. म्हणून उतारावर ते खालच्या बाजूस उघडेल असे बसवितात.