लाल झालेला पाइप आणि उशिराची ठिणगी

बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसमोर माझी तीस वर्षे गेली. तापल्या लोखंडाचा रंग पाहून उष्णता सांगायची सवय डोळ्यांना जडली. काळपट लाल म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास, डाळिंबाच्या दाण्यासारखा म्हणजे साडेसातशे ते आठशे, नारिंगीकडे झुकला की नऊशे. ही विद्या निवृत्तीनंतर अमेरिकेत, पिट्सबर्गला मुलाच्या गॅरेजमध्ये कामी येईल असे कधी वाटले नव्हते.

मुलाने हौसेने १९८५ सालची माझदा आरएक्स-७ घेतली आहे. दोनच माणसांची स्पोर्ट्स कार, पण इंजिन रोटरी. यात वरखाली होणारे पिस्टन नसतात, तिकोनी रोटर गोल फिरतो. कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. माझदाने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट या गाडीत ते बाजारात आणले आणि १९९१ मध्ये याच जातीच्या इंजिनावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

एका संध्याकाळी पेन हिल्सच्या डोंगरावरील व्यंकटेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही बापलेक परतत होतो. वाटेत चढावर गाडी सुस्त झाली. घरी पोहोचलो तो माझ्या पायाशी करपल्याचा वास. सूनबाई धारवाडची. दारातूनच ओरडली, "मावा, बेंकी!" गालिचा धुमसत होता. इंजिन बंद करून पाणी ओतले. बॉनेट उघडले तर एक्झॉस्टचा हेडर पाइप डाळिंबासारखा लाल!

सूनबाईला दिवस गेलेले. ती शांतपणे म्हणाली, "बाळ यायच्या आत ही गाडी घराबाहेर गेली पाहिजे." तिचे काय चुकले?

मुलाचा उपाय तयार होता. पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची. मी म्हटले, "अरे, तापाच्या माणसाला गोधडीत गुंडाळून ताप जातो का? उष्णता आत कोंडेल, पातळ पाइपला तडा जाईल. आधी ताप का आला ते बघू."

रोटरी इंजिनाचा धूर मुळातच फार गरम असतो. एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नाही, रोटर सरकला की भोक उघडते. जळण्याची जागा लांबट आणि चपटी, त्यामुळे जाळ पसरायला वेळ लागतो. काही वायू जळता जळताच बाहेर पडतो. म्हणून या गाडीला मुळात जाड बिडाचा मॅनिफोल्ड आणि पत्र्याची आवरणे असतात. आधीच्या मालकाने दोन्ही काढून पातळ नळ्यांचा हेडर बसवला होता. मोठा चढ चढून आल्यावर अशा हेडरला थोडी लाली येणे समजू शकते. पण आयडलवर दहा मिनिटे उभी असतानाही लाली? हे दुखणेच.

संशयित तीन होते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, एअर पंपाची हवा नको तेव्हा एक्झॉस्टमध्ये जाणे, किंवा ठिणगी उशिरा पडणे. पाइप थंड असताना कार्ब्युरेटरची गॅस्केटे आणि रबरी नळ्या तपासल्या. ठीक. एअर पंपाची नळीही ठीक.

उरली ठिणगी. या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात. खालचा लीडिंग आधी पेटतो, वरचा ट्रेलिंग मागून. आयडलवर दोघांत वीस अंशांचे अंतर. खालचा रुसला की सगळा भार उशिरा पेटणाऱ्या वरच्यावर येतो. मग अर्धा जाळ इंजिनात आणि अर्धा पाइपात.

"मी टायमिंग लाइट लावून पाहिलंय, बाबा. दोन्ही प्लग चालतात," मुलगा म्हणाला.

"केव्हा पाहिलंस?"

"सकाळी, गाडी थंड असताना."

तिथेच फसला होता बिचारा. वीस मिनिटे गाडी फिरवून आणली आणि लगेच दिवा लावला. लीडिंगच्या वायरवर दिव्याची उघडझाप मधूनमधून तुटत होती. डिस्ट्रिब्युटरला दोन सारखेच इग्नायटर असतात. इंजिन बंद करून, निवल्यावर त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा फेरी मारली. आता लीडिंग पक्के, ट्रेलिंग तुटक. गॅरेजचा दिवा मालवून पाहिले, पाइप काळाच! म्हणजे दोष त्या एका इग्नायटरचा. आधीच्या मालकाने बसवलेला, स्वस्त बनावटीचा; थंड असताना चालायचा, तापला की दगा द्यायचा.

नवा इग्नायटर बसवला, टायमिंग जुळवले, पत्र्याची आवरणे परत लावली. गालिचाही नवा घातला. दोन आठवडे रोज रात्री अंधारात पाइप पाहिला. मग सूनबाईने स्वतः गाडी फिरवून आणली, वाकून गालिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बिसी इल्ला." गाडी राहिली. पण बाळाला त्यात बसवायचे नाही, ही अट मुलाने निमूट मान्य केली आणि अग्निशामक नळकांडे गॅरेजच्या दाराशी टांगले.

आपल्याकडे रोटरी गाड्या नाहीत, पण जुन्या बुलेट आणि जीप घराघरांत आहेत. बेंड पाइप लाल दिसू लागला तर रंग किंवा पट्टी शोधू नका. ठिणगी वेळेवर पडते का, हवा-पेट्रोलचे प्रमाण ठीक आहे का, ते आधी पाहा. आणि तपासणी गाडी तापल्यावरही करा. काही दोष थंडपणी तोंड उघडत नाहीत.