पेडल निखळलं, आणि मग दुकानांचा प्रश्न सुरू झाला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना मी जितक्या वेळा ‘म्हणजे’ म्हणालो, त्यातले निम्मे काढलेत. बाकी तसंच ठेवलंय.

विषय आहे सायकलची दुकानं. मोटरसायकल नाही, पायडल मारायची सायकल. आपल्या गल्लीतलं, चौकातलं दुकान. तिथे गेल्यावर आपल्याला कसं वागवतात, किती पैसे घेतात, आणि ते पैसे वाजवी आहेत की नाहीत हे आपल्याला कळणार कसं?

सुरुवात माझ्याच मूर्खपणाने करतो. दोन वर्षांपूर्वी मी गिअरची एक हायब्रिड सायकल ऑनलाइन मागवली. खोक्यावर लिहिलं होतं, पंचाऐंशी टक्के जोडलेली आहे. आपण बीटेक, त्यात रोज कोड लिहिणारे, म्हटलं उरलेले पंधरा टक्के आपले आपण करू. हँडल बसवलं, सीट बसवलं, पुढचं चाक घातलं. उजवं पेडल गेलं छान. डावं काही केल्या आटे धरेना. मी पान्याने जोर लावत राहिलो. अर्ध्या तासाने व्हिडिओ बघितला, तेव्हा समजलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, उलट्या बाजूला फिरवायचं. फिरवलं, जरा तिरकं वाटलं, पण बसलं. तीन आठवड्यांनी चांदणी चौकातून कोथरूडकडे येताना ते पेडल पायाखालून निखळलं. मागे बस नव्हती म्हणून आज एपिसोड होतोय.

आता डाव्या पेडलला उलटे आटे का? हे मला इतकं आवडलं की सांगतोच. एक पेन्सिल मुठीत सैल धरा. दुसऱ्या हाताने तिचं बाहेरचं टोक गोल फिरवा. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरताना दिसेल. पेडलच्या दांड्याचं असंच होतं. पाय दाबतो तो भार भोकाच्या कडेने गोल गोल सरकत राहतो आणि दांडा हळूहळू फिरवत राहतो. उजवीकडे या फिरण्याने नेहमीचे आटे घट्ट होतात. डावीकडे तेच नेहमीचे आटे दिले असते, तर पेडल चालवता चालवता सुटलं असतं. म्हणून डावीकडे उलटे. पेडलचा दांडा असतो पोलादाचा, माझी क्रँक होती ॲल्युमिनियमची. पोलाद विरुद्ध ॲल्युमिनियम, त्यात मी पान्यावर लटकलेलो. क्रँकचे आटे गेले.

पहिल्या दुकानात गेलो. काचेचं, एसीवालं. तिथल्या मुलाने बघितलं आणि म्हणाला, “सर, क्रँकसेट बदलावा लागेल. चोवीसशे, प्लस फिटिंग.” सायकल होती चौदा हजारांची. मी उद्या येतो म्हणून सटकलो.

दुसरं दुकान म्हणजे शटरच्या आत आठ फूट जागा, बाहेर फुटपाथवर पाण्याची घमेली आणि दोरीला टांगलेल्या ट्यूबा. काकांनी सायकल उलटी केली, भोकात बोट फिरवलं आणि मान वर न करता विचारलं, “ऑनलाइन का?” हो म्हटलं. “डावीच बदलू. साडेतीनशेची आहे. शंभर माझे. चार वाजता ये.” डाव्या क्रँकला चेनव्हील नसतं, तो नुसता एक दांडा असतो. तो सुटा मिळतो, चौकोनी एक्सेलवर बसतो, बोल्ट आवळला की झालं. चोवीसशेचं काम साडेचारशेत.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात: मोठं दुकान चोर, छोटं दुकान देव. मीही मित्रांना वर्षभर अशीच सांगितली. पण नंतर त्याच मोठ्या दुकानात मित्राबरोबर त्याची सायकल घ्यायला गेलो आणि गप्पा मारल्या, तेव्हा चित्र जरा बदललं. त्यांच्याकडे माल येतो तो डिस्ट्रिब्युटरकडून, खोक्यात, पूर्ण सेट म्हणून. सुटी डावी क्रँक ते ठेवतच नाहीत. त्या मुलाला त्याच्या कॉम्प्युटरवर जे दिसत होतं तेच त्याने सांगितलं. त्याने मला फसवलं नाही. पण “डावी सुटी मिळते, आमच्याकडे नाही, बाहेर बघा” हे वाक्य म्हणायला कुणी त्याला शिकवलं नव्हतं, आणि माझं म्हणणं असं की खरी सर्व्हिस त्या एका वाक्यात असते.

काकांच्या त्या “ऑनलाइन का?”चाही अर्थ मला उशिरा लागला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हीच तक्रार आहे: ऑनलाइन घेतलेली सायकल नेली की दुकानदार तोंड वाकडं करतो, आणि फिटिंगचे पाचशे-सहाशे मागतो. ‘चार बोल्ट आवळायचे सहाशे?’ हे मी शब्दशः तीन मेसेजमध्ये वाचलंय. तर, चार बोल्ट नसतात. खोक्यातून आलेल्या सायकलच्या चाकाचा आऊट काढावा लागतो, म्हणजे आरे सैल-घट्ट करून चाक सरळ फिरेल असं करायचं. हब आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये कधी ग्रीस असतं, कधी नावाला असतं. ब्रेक लावून बघायचे. आणि मागच्या डिरेलरचे दोन छोटे स्क्रू, हे सगळ्यात महत्त्वाचं. चेन मोठ्या चक्रीच्या पलीकडे किती जाऊ द्यायची, ते त्यातला एक स्क्रू ठरवतो. तो चुकला की एखाद्या चढावर तुम्ही हलका गिअर टाकता, चेन आऱ्यांमध्ये घुसते, डिरेलर मागोमाग जातो, मागचं चाक जाम. दुकानातून घेतलेल्या सायकलीत हे काम किमतीत धरलेलं असतं, पहिली सर्व्हिसिंगही बहुधा फुकट असते. ऑनलाइन घेतलेल्याला तेच काम सुटं विकत घ्यावं लागतं, म्हणून ते डोळ्यांवर येतं. पाचशे रुपये वाचवून चांदणी चौकात पडलेला माणूस म्हणून माझं मत विचारात घ्या.

बरं, आता तुमचे व्हॉइस मेसेज.

कोल्हापूरहून एकाने सांगितलं, सर्व्हिसिंगला सायकल दिली, आठ दिवसांनी मिळाली, नऊशे रुपये घेतले, आणि फरक काय तर धुतलेली होती. नाशिकच्या एकीने सांगितलं की तिच्याकडे अडीचशेत होतं आणि सायकल लोण्यासारखी चालते. मग कोल्हापूरचा माणूस लुटला गेला का? सांगता येत नाही, कारण ‘सर्व्हिसिंग’ हा शब्दच गोंधळाचा आहे. एका दुकानात त्याचा अर्थ धुणं आणि चेनला तेल. दुसऱ्यात ब्रेक, गिअर, चाकाचा आऊट हे सगळं जुळवणं. आणि तिसऱ्यात ज्याला जुने मेकॅनिक ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्याकडे त्याचं तेल झालं, आणि मला तो शब्द जास्त पटतो. त्यात सायकल पूर्ण खोलतात, छर्रे बाहेर काढून रॉकेल-डिझेलमध्ये धुतात, झिजले असतील तर बदलतात, नवं ग्रीस भरतात. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. अडीचशेत पहिलं होऊ शकतं, दुसरंही एखादा करून देईल, तिसरं अडीचशेत कुणी केलं तर त्याचं घर कसं चालतं हा प्रश्न आहे. त्यामुळे ‘किती घेता?’ विचारण्याआधी ‘काय काय करता?’ हे विचारा. हब खोलणार का? छर्रे बदलले तर वेगळे लावणार का? दोन प्रश्नांत समोरच्यालाही कळतं की गिऱ्हाईक ऐकतंय.

बदललेला जुना भाग परत मागा. भांडायला नाही, बघायला. चांगला मेकॅनिक तो न मागता हातात देतो आणि कुठे झिजलाय ते दाखवतो.

“चेन गेलीय, बदला” हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं असेल. यात दुकानदाराच्या शब्दावर जायची गरज नाही, घरी तपासता येतं. कंपासपेटीतली पट्टी घ्या, इंचाची बाजू. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो. म्हणजे चोवीस कड्या मोजल्या की बरोबर बारा इंच भरायला हवेत. चेन सायकलवरच, ताणलेल्या बाजूला मोजा. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि बाराव्या इंचापाशी बघा. पिन खुणेच्या एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे असेल तर उशीर झालाय, मागच्या चक्र्याही बहुधा खाल्ल्या गेल्यात, आणि नुसती नवी चेन टाकली तर ती दातांवरून उड्या मारेल. म्हणून “चेनबरोबर फ्रीव्हील पण लागेल” असं कुणी म्हणालं की ते दर वेळी थापच असते असं नाही. पण पट्टीवर चेन बरोबर बारा भरत असेल आणि तरी बदला म्हणत असतील, तर सायकल घ्या आणि निघा.

पंक्चरचंही थोडं. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधणारा माणूस दिसला तर त्याला सोडू नका. कितीही चांगलं ठिगळ लावलं आणि काच टायरमध्येच राहिली, तर संध्याकाळी पुन्हा बसाल. आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर तो खिळा नाही. हवा कमी होती, खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब चिमटली. यात दुकानदाराचा दोष शून्य. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं.

ठाण्याहून आलेला एक मेसेज मात्र मनात राहिला. ती रोज सायकलने स्टेशनला जाते. दुकानात ती प्रश्न विचारते आणि उत्तर मिळतं सोबत आलेल्या धाकट्या भावाला. भाऊ अकरावीत, त्याला सायकलच येत नाही! ब्रेक नीट लागत नाहीत हे तिने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा “मॅडम, नवी आहे ना, सवय होईल” म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात गेली, तर पुढचा ब्रेक शू रिमला नाही, टायरला घासत होता. टायरची कड कापत आली होती. इथे किमतीचा प्रश्नच नाही, कुणी जादा पैसे घेतले नाहीत. पण माझ्या मते आज सांगितलेल्या सगळ्या किश्शांत हाच सगळ्यात वाईट. पैसे परत कमावता येतात.

मग अशा वेळी करायचं काय? बिल घ्या, हे पहिलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, छोटं दुकान असलं तरी. हाताने लिहिलेलं साधं बिल चालतं. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हेही त्याच कायद्यात बसतं. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष वस्तूला लागू होत नाही. पॅकबंद ट्यूबवर एमआरपी छापलेली असते, त्याहून जास्त घेता येत नाही. बिलात जीएसटी वेगळा लावला असेल तर जीएसटी नंबर छापलेला हवा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तोही बिलावर बघून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हे सगळं सांगितलं, पण खरं सांगू? काकांकडून मी आजवर एकदाच बिल घेतलंय, तेही या एपिसोडसाठी. त्यांनी मुलाच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: चाक आऊट, ब्रेक वायर दोन, मजुरी. गेल्या वर्षी ते मजुरीचे तीनशे घ्यायचे, आता चारशे. मी ‘का वाढवले’ विचारलं. हाताखालचा पोरगा डिलिव्हरीच्या कामाला गेला म्हणाले, तिथे महिन्याला जास्त सुटतात. आता एकट्याने रोज पाच-सहा सायकली होतात, त्यातल्या दोन तरी नुसत्या हवेच्या आणि पंक्चरच्या. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि घासाघीस केली नाही. आठवड्यापूर्वी डिलिव्हरी ॲपला हॅंडलिंग फी म्हणून पैसे देताना मी कुणाशी वाद घातला नव्हता.

तर आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या गावात सर्व्हिसिंगला किती घेतात ते पाठवा, पण नुसता आकडा नको. काय काय केलं, किती दिवस लागले, जुना भाग परत दिला का, हेही सांगा. दुकानाचं नाव नका लिहू, गाव लिहा. तीस-चाळीस मेसेज जमले की पुढच्या महिन्यात सगळे शेजारी शेजारी ठेवून बघू. आणि नवी सायकल खोक्यातून काढणार असाल तर डावं पेडल उलटं फिरवा. आधी हाताने, पाना नंतर.