भोगीच्या भाजीतली चिंच

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुधा १३ किंवा १४ जानेवारीला, पुण्यातल्या घरोघरी भोगीची भाजी होते. सोलाणे, पावटे, घेवडा, गाजर, वांगी, बटाटे, ओले शेंगदाणे, बोरे असे थंडीत मिळणारे सगळे एकाच पातेल्यात पडते. वर चिंच-गूळ आणि तिळाचे कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे म्हणतात, तेव्हा ही भाजी चुकवून चालत नाही!

एका वर्षी ती करण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. जेवायला अठरा माणसे होती. वेळ वाचावा म्हणून सगळ्या भाज्या, चिंचेचा कोळ आणि गूळ एकदमच पातेल्यात घातले. तासाभराने पाहतो तो गाजर कडक आणि सोलाणे दाताखाली टणक. घाईने चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला. भाजी फसफसली, वांग्याचा लगदा झाला, चवही बिघडली. आत्याबाईंनी पातेल्यात डोकावून एवढेच विचारले, “चिंच आधी टाकलीत ना?”

चिंचेचा आणि भाजी न शिजण्याचा संबंध काय?

वनस्पतींच्या प्रत्येक पेशीभोवती पेशीभित्तिका असते. तिच्यात सेल्युलोजचे तंतू असतात. हे तंतू आणि शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून ठेवण्याचे काम पेक्टिन करते, विटांमधल्या चुन्यासारखे. भाजी शिजते तेव्हा उष्णतेने पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटतात, तुकडे पाण्यात विरघळतात आणि पेशी सुट्या होतात. यालाच आपण ‘मऊ झाली’ म्हणतो. साखळ्या तुटण्याची ही क्रिया आम्लात फार मंदावते. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. गुळातली साखर आणि कॅल्शियमही मऊ होण्याला थोडा अडथळाच करतात. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवते. म्हणूनच दुष्फेन पाण्यात डाळ लवकर शिजत नाही.

सोड्याचे काम याच्या उलट. अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन झपाट्याने तुटते. पण ब-१ आणि क ही जीवनसत्त्वेही त्यात लवकर नष्ट होतात. सोडा हा उपाय नव्हे.

मग भाजी करावी कशी? आधी सोलाणे, पावटे, शेंगदाणे शिजू द्यावेत. मग गाजर, घेवडा आणि बटाटा. वांगे स्पंजासारखे पोकळ, ते लवकर मऊ होते, म्हणून नंतर. सगळे शिजल्यावर चिंच, गूळ आणि तीळकूट. एकदा तुटलेले पेक्टिन चिंचेने पुन्हा जुळत नाही, त्यामुळे भाजी कडक होण्याची भीती नाही. उलट, पुढचे तुटणे मंदावते आणि संध्याकाळी पुन्हा गरम केली तरी फोडी मोडत नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून मुंबईपेक्षा किंचित जास्त वेळ धरावा.

हे वर्गात सहज दाखवता येईल. गाजराच्या एक सेंटिमीटर जाडीच्या सारख्या चकत्या करा. तीन भांड्यांत सारखेच पाणी घ्या: एकात नुसते पाणी, दुसऱ्यात चिंचेचा कोळ, तिसऱ्यात चिमूटभर सोडा. प्रत्येकात पाच चकत्या टाकून पंधरा मिनिटे उकळा. मग चकत्यांना टाचणी टोचून पाहा. कोणत्या भांड्यात ती सहज शिरते? विद्यार्थ्यांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग निरीक्षण. चिंचेऐवजी आमसूल किंवा टोमॅटो घेतला तर काय होईल, हेही त्यांनाच शोधू द्या.

आत्याबाईंना पेक्टिन हा शब्द ठाऊक नव्हता. पण कोणती वस्तू कधी घालायची, हे अनेक वर्षांच्या निरीक्षणातून त्यांना पक्के ठाऊक होते. आम्हाला पेक्टिन ठाऊक होते, तरी भाजी फसली. घरच्या जाणत्या माणसांना ‘असे का करता?’ हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर भोगीचा स्वयंपाकही विज्ञानाचा तास होईल.