वारसा एकट्या आईचा नसतो

लखनौच्या चौकात चिकनकारीच्या दुकानांपासून थोड्याच अंतरावर किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या घुमटाच्या इमारती लागतात. इथे पहिली तुकडी १९११ मध्ये शिकू लागली. याच विद्यापीठाचं क्वीन मेरी रुग्णालय स्त्रियांच्या आजारांसाठी आहे. लांबलेली पाळी, हनुवटीवरचे राठ केस, हटता न हटणारी मुरुमं या पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या) तक्रारी चौकात असोत की दादरमध्ये, सारख्याच. मुलीला घरीदारी मिळणारा पहिला सल्लाही सारखाच असतो: वजन उतरव.

या सल्ल्यात तथ्य आहे, पण त्यातून दोषाचं सगळं ओझं मुलीवर येतं. लखनौमध्येच झालेलं एक काम त्यासाठी वाचायला हवं. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या प्रीती दबडघाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या महाविद्यालयांतल्या १८ ते २५ वयाच्या १५२० मुली तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. पीसीओएसचं प्रमाण ३.७ टक्के निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पीसीओएस असलेल्या बहुतेक मुली सडपातळ होत्या. सर्वांगी लठ्ठपणा फक्त १२ टक्क्यांत होता, पोटाचा घेर मात्र त्याहून बऱ्याच जणींचा वाढलेला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं जे सांगत आले, त्याच्याशी हे जुळतं: भारतीय शरीर काट्यावर हलकं दिसलं तरी आत चरबी बाळगून असतं.

प्रमाणाचे आकडे निदानाच्या निकषांप्रमाणे बदलतात. मुंबईतल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीत किशोरवयीन आणि तरुण मुलींमध्ये रॉटरडॅमच्या सैल निकषांनी २२.५ टक्के, तर अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) अनिवार्य मानणाऱ्या निकषांनी १०.७ टक्के प्रमाण निघालं.

मग मूळ कुठे? शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचं वर्णन केलं, तेव्हा लक्ष अंडाशयावरच होतं. रोग घराण्यातून उतरतो हे पुढे कुटुंबांच्या अभ्यासातून दिसू लागलं. १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांच्या बहिणींपैकी २२ टक्क्यांना पीसीओएस होता आणि आणखी २४ टक्क्यांची पाळी नियमित असूनही पुरुषी हार्मोन वाढलेली होती. २००६ मध्ये डच जुळ्या बहिणींच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के काढला.

इतका मोठा वाटा एका जनुकाचा नाही. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी हजारो स्त्रियांचे जनुकसंच तपासून त्यांत पीसीओएसशी जोडलेल्या तीन जागा दाखवल्या. पुढच्याच वर्षी त्या अकरा झाल्या. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांहून जास्त रुग्णांच्या तपासणीतून चौदा जागा पुढे आल्या. त्यांतल्या डीईएनएनडी१ए या जनुकाची कहाणी मला सर्वांत बोलकी वाटते. त्याचं एक रूप अंडाशयातल्या थीका पेशींमध्ये वाढलं की त्या जास्त अँड्रोजेन तयार करतात. हे रूप निरोगी पेशींत वाढवलं तर त्याही रुग्णाच्या पेशींसारख्या वागू लागतात, हे २०१४ मध्ये प्रयोगात दिसलं. इतर जागा अंडाशयाला आदेश देणाऱ्या हार्मोनच्या ग्राहींपाशी किंवा चयापचयापाशी आहेत.

२०१८ च्या त्याच अभ्यासात पीसीओएसचा जनुकीय पाया मधुमेह, वाढलेलं इन्सुलिन, नैराश्य आणि पुरुषांचं टक्कल यांच्याशीही जुळला. म्हणजे हा वारसा वडिलांकडूनही येतो. ज्यांना अंडाशयच नाही अशा बापाभावांत तो टकलाच्या किंवा साखरेच्या रूपाने दिसू शकतो. मुलीच्या पाळीबद्दल आईलाच जाब विचारणाऱ्या घरांनी हे नीट समजून घ्यायला हवं.

आपल्याकडचं काम मुख्यतः निवडक जनुकांवर झालं. मुंबईच्या त्याच संस्थेत २००९ मध्ये इन्सुलिन ग्राहीच्या जनुकातला एक बदल सडपातळ भारतीय रुग्णांमध्ये पीसीओएसशी जोडलेला आढळला. लखनौच्या सडपातळ मुली इथे आठवतातच. संस्थेने पीसीओएसशी संबंध सांगितल्या गेलेल्या जनुकांचा खुला संग्रहही उभारला आहे. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत ५३३ जनुकं आहेत. त्यांतली बरीचशी लहान अभ्यासांतून आलेली आहेत, म्हणून संख्येने भुलून जाऊ नये. चिनी आणि युरोपीय अभ्यासांच्या तोडीचं काम भारतीय स्त्रियांवर व्हावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाची दहा हजार जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, तिचा पाया त्यासाठी उपयोगी पडेल.

सापडलेल्या सगळ्या जागा मिळून आनुवंशिकतेचा जेमतेम दहावा हिस्सा उलगडतो. म्हणून जनुकचाचणीने पीसीओएसचं निदान करता येत नाही, त्यासाठी पैसे घालवू नयेत. घरच्या इतिहासाची चौकशी फुकट होते. वडिलांना किंवा आत्याला मधुमेह आहे का, बहिणीची पाळी कशी येते, हे डॉक्टरांना सांगावं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार निदान होताच साखरेची तपासणी करायची, शक्य असेल तर ग्लुकोज पाजून, आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करायची. वजन कितीही असो, सडपातळ मुलीलाही ती लागू आहे.