विद्यार्थ्याचा वेळ व त्याची योजना

महाविद्यालयात नव्याने प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यास सर्वांत अनोळखी असणारी गोष्ट म्हणजे मोकळा वेळ होय. शाळेत घंटा दिवसाचे भाग पाडून देते. महाविद्यालयात ते काम ज्याचे त्यालाच करावे लागते. अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरपाड्यांतून नंदुरबार, शहादे अथवा तळोदे येथे शिकावयास आलेला मुलगा अशा वेळी मागे पडला, तर दोष बुद्धीचा आहे अशी त्याची समजूत होते व तो शिक्षण सोडून घरी परततो. वस्तुतः चुकलेली असते ती केवळ वेळेची वाटणी.

परंतु दुसऱ्याच्या दिनक्रमावरून उतरवून घेतलेले वेळापत्रक चार दिवसही टिकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने मननीय आहे. मुंबईत परळच्या चाळीत सर्व कुटुंबास एकच खोली होती. सायंकाळी तेथे अभ्यास होणे अशक्य. म्हणून भीमराव लवकर निजत. वडील रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागत, मुलास उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन चाले. 1907 साली ते मॅट्रिक झाले. या उदाहरणातून घ्यावयाचा तो दोनचा ठोका नव्हे, तर रीत होय. खोली वाढविता येत नव्हती, म्हणून पितापुत्रांनी वेळ वाटून घेतला.

हीच रीत या जिल्ह्यास लागू करावी. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात, ती सकाळीच वेचावी लागतात. होळीही त्याच सुमारास येते आणि वार्षिक परीक्षाही फार दूर नसते. त्या दिवसांत गावी गेलेल्या विद्यार्थ्यास पहाटेच्या अभ्यासाचा उपदेश करणे व्यर्थ आहे. त्याने दुपारची वेळ राखून ठेवावी, आणि कठीण भाग माघातच पुरा करावा.

योजनेची सुरुवात नोंदीने व्हावी. प्रथम सात दिवस, कोणता तास कशात गेला ते खरेखरे लिहावे. नंतर झोप, जेवण, तासिका, एस. टी.चा प्रवास व घरकाम ही न टळणारी कामे मांडावी. उरलेल्या वेळेपैकी जेव्हा मन ताजे असते तो वेळ सर्वांत अवघड विषयास द्यावा. वाचलेले पुस्तक मिटून आठवावे, व काही दिवसांनी पुन्हा पाहावे. आठवड्यातील एक वेळ रिकामी ठेवावी, म्हणजे आजारपण वा पाहुणा आला तरी सारी योजना कोसळत नाही.

ही सवय महाविद्यालयात एकाएकी लागत नाही. तिचे बीज प्राथमिक शाळेतच पडावे लागते. चौथीच्या मुलाकडून कालच्या दिवसाचा हिशेब पाटीवर लिहून घेण्यास थोडाच अवधी पुरतो. बकऱ्या कोण चारतो, पाणी कोण भरते, धाकट्या भावंडास कोण सांभाळते, हे त्यावरून शिक्षकांस कळते व गृहपाठ त्या बेताने देता येतो. पालकसभेत घरच्या मंडळींकडून मुलासाठी रोजचा एक तास मागून घेतला, तर रामजींनी केले तेच कार्य घरोघरी होईल.